तिखट शिकरण

सून नातीला हात लावू देत नाही, ही मालन चौगुलेची तक्रार गडहिंग्लजच्या अर्ध्या बाजारपेठेला पाठ झाली होती. वर्षाची चटणी करून घ्यायला तिच्या कांडपावर येणाऱ्या प्रत्येक बाईला ती ऐकावीच लागे. एकीकडे यंत्राची पोलादी मुसळं मिरचीवर पडायची, दुसरीकडे मालनचं तोंड सुनेवर.

आधी हात धुवा म्हणते. धुतले तर कशानं धुतले म्हणून विचारते. पोरीच्या इसबाला मलम लावताना अशी मोजते, जशी काही सोनाराकडं बसली आहे. बोटाच्या शेवटच्या पेरावर नळीतून एक रेघ काढायची, तेवढंच मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरवायचं, वर एक ठिपका जास्त नाही. त्याआधी नुसतं ओलाव्याचं मलम, मग थांबायचं, ते मुरलं की औषधाचं. लावून झालं की पुन्हा स्वतःचे हात धुवायचे. एवढ्या वेळात आमच्या वेळी चार पोरांच्या आंघोळी उरकायच्या, असं मालन म्हणे आणि बायका हसत. त्यांना चटणी वेळेवर कांडून हवी असे, हसण्यात त्यांचं काही जात नव्हतं.

त्यात मागच्या महिन्यात आणखी एक झालं. कांडपावर मिरचीची देठं खुडणाऱ्या परवीनच्या मानेवर नायटा उठला होता. मालननं घरातली नळी आणून तिला बोटभर मलम दिलं. दारात आलेल्याला आपण वाटीभर पीठ देतो, ताक देतो, मग मलमानं काय घोडं मारलं? पण सुनेनं ते कळल्यावर नळी कपाटात कुलूप लावून ठेवली. सासूच्या देखत कुलूप! परवीनचा नायटा मानेवरून पार पाठीवर उतरला, ही गोष्ट मालननं कुणाला सांगितली नाही. परवीननं दवाखाना गाठला, तेव्हा कळलं की या औषधानं जळजळ थांबते खरी, पण नायट्याच्या बुरशीला ते खतासारखं लागू पडतं. ज्याचं दुखणं त्याचंच मलम, दुसऱ्याला द्यायचं नसतं. मालननं ते ऐकलं आणि परवीनलाच म्हणाली, तुझं रक्तच गरम.

मालन तिसरी शिकलेली. नवरा लवकर गेला, तेव्हा पदरात एक मुलगा आणि दारात एक उखळ एवढंच होतं. त्या उखळावर तिनं लोकांची चटणी कांडली. आता त्याच जागी यंत्रं होती. ती यंत्रंच मिरचीचा ओलावा बघत, मसाल्याची भाजणी राखत, आणि डबे भरून विजेच्या टेम्पोत चढवत. मुलगा हर्षल तो टेम्पो बेळगाव-कोल्हापूर फिरवे. पण शेवटची चव मालनच घेई. गरम चटणीत हात घालून मूठभर उचलायची, तळव्यावर चोळायची, चिमूट जिभेवर टाकायची. नव्या पोरी बघून चकित व्हायच्या. त्यांचे हात संध्याकाळी आगीत धरल्यासारखे होत. मालन त्यांना सांगायची, पाण्यानं तिखट जात नाही गं, आधी तेल चोळा, मग बेसन, मग साबण. आणि गेलं का नाही बघायचं तर बोट ओठाला लावा. स्वतः मात्र ती साबणानं हात धुई आणि मोकळी होई. तिच्या हाताला तिखट लागायचं कधीच बंद झालं होतं. ओठालाही. "माझा हात निवलाय," असं ती सांगायची, आणि एखाद्यानं पदक दाखवावं तसा तळवा पुढे करायची.

नात नभा चार वर्षांची. जन्मल्यापासून तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या आतल्या घडीत इसब. खाजवून खाजवून रक्त निघे. गावातल्या डॉ. नदाफ बाईंनी तिला दोन वर्षांपूर्वी नवं मलम चालू केलं होतं. कळीचं मलम म्हणायचे त्याला सगळे.

नदाफ बाईंनी पहिल्या दिवशी मालनला ते समजावून सांगितलं होतं, कारण मालन समजल्याशिवाय खुर्चीतून उठत नव्हती. बाई म्हणाल्या, चांगली कातडी म्हणजे गिलावा केलेली भिंत. नभाच्या भिंतीचा गिलावा जागोजागी सुटलाय. त्यातून ओल बाहेर जाते, धूळ आत येते, आणि अंग चिडून पेटतं. ओलाव्याचं मलम म्हणजे गिलावा. आणि पेटलेलं विझवायला औषध. जुनी मलमं अशी होती, की लावलं तेवढं औषध आत उतरायचं, तिथं गरज असो वा नसो. फार दिवस, फार जाड लावलं की कातडी कागदासारखी पातळ व्हायची. लहान मुलात तर ते रक्तात उतरायचं. मग शरीर स्वतःचं औषध करणं सोडून द्यायचं, वाढ खुंटायची. या नव्या मलमात औषध कळ्यांमध्ये बंद असतं. खसखशीपेक्षा हजारपट बारीक कळ्या. पेटलेल्या कातडीतून एक रस पाझरतो, त्या रसानंच कळीची शिवण उसवते. जिथं आग तिथं कळी उमलते. जिथं आग नाही तिथली कळी तशीच राहते आणि आंघोळीत वाहून जाते.

आणि किती कळ्या उमलल्या ते सांगायला नभाच्या दंडावर एक टिकली चिकटवलेली असे. कुंकवाच्या टिकलीएवढीच. उमललेल्या कळीची टरफलं निळसर चमकतात, ती चमक टिकली मोजते आणि दवाखान्याला कळवते.

मालनला हे फार आवडलं होतं. शहाणं मलम, असं ती म्हणाली होती. चोराला ओळखून भुंकणारं कुत्रं.

दोन वर्षं सगळं ठीक चाललं. या फाल्गुनात कांडपाचा हंगाम सुरू झाला आणि टिकली बिघडल्यासारखी वागू लागली. संध्याकाळ झाली की कळ्या भराभर उमलायच्या, लाह्या फुटाव्या तशा. सकाळी सगळं शांत. नभाच्या कोपरातली कातडी चमकदार, पातळ दिसायला लागली, आतल्या निळ्या शिरा वर आल्या. गाल उगाच फुगले. नदाफ बाईंनी बोलावून घेतलं.

बाईंनी स्पष्टच सांगितलं. औषध फार जातंय. असंच चाललं तर हे मलम बंद करावं लागेल, आणि तेही एकदम करता येणार नाही. एकदम तोडलं तर दबलेली आग दुप्पट उसळते. कोण लावतं मलम?

सून स्वराली म्हणाली, मीच लावते. पेरभरच लावते. नळी अजून अर्धी भरलेली आहे, बघा. मग जरा थांबून ती हळूच म्हणाली, की हंगाम सुरू झाल्यापासूनच हे होतंय. घरात कपड्यांवरून चटणीची धूळ येत असेल का?

एवढं बोलायला नको होतं. दवाखान्याच्या बाकांवर तपासणीचा वार पकडून आलेली माणसं बसली होती, दार उघडं होतं, आणि मालनच्या जन्माच्या कमाईला कुणी तरी बोट लावलं होतं.

"माझ्या चटणीवर जातीस?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण बाकावरच्या शेवटच्या माणसानंही कान टवकारले. "त्या चटणीवर तुझा नवरा मोठा झाला. डॉक्टरीणबाई, हिला विचारा रात्री उठून किती वेळा लावती. भित्री हाय ही. पोरगी जरा खाजवली की नळी पिळती. आईच्या हातानंच लेकराची साल निघाली."

स्वरालीनं नभाला उचललं. घरी आल्यावर हर्षलनं नळी हातात घेऊन तिचं वजन अजमावून बघितलं, अगदी सहज. ते स्वरालीनं पाहिलं. सासूच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते त्या बघण्यानं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी भरली आणि नभाला घेऊन निपाणीला माहेरी गेली. आत्ती, परत कधी येणार ते आत्ता सांगत नाही, एवढंच दारातून म्हणाली. सासूला ती आत्तीच म्हणे, तिकडची रीत तशी.

घर सुनं झालं. संध्याकाळी कांडपावरून आलं की मालनचे हात आपोआप कोनाड्याकडे जायचे. तिथं मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या ठेवलेल्या असत. नभाची दृष्ट ती आधी अधूनमधून काढायची, या हंगामात इसब वाढल्यापासून रोज तिन्हीसांजेला काढत होती. पोरगी गोरी, केस दाट, कुणाची तरी नजर लागली असणार, असं तिचं ठाम मत होतं. मिरच्या मुठीत घेऊन ओवाळायच्या, मग दोन्ही तळवे डोक्यावरून, दंडांवरून, पायांवरून खाली उतरवायचे आणि बोटं कानशिलावर मोडायची. स्वरालीनं तेवढ्यात मलम लावून ठेवलेलं असे. दृष्ट काढायला ती कधी नाही म्हणाली नव्हती. आधी हात धुवा म्हणायची, आणि मालन तिच्यासमोर साबणाचा फेस काढून धुवायची, दाखवून दाखवून.

एकदा मात्र नभा अंग चोरून म्हणाली होती, "आजी, तुझा हात चावतो." मालननं स्वरालीकडं बघितलं होतं. लेकराच्या तोंडी हे शब्द कुणी घातले, ते तिला कळलं होतं, असं तिला वाटलं.

आठवड्याभरात हर्षलनं खाली मान घालून सांगितलं, की निपाणीत टिकली शांत आहे. संध्याकाळीसुद्धा. तो एवढंच म्हणाला, पण मालनला पुढचं ऐकू आलं. म्हणजे घरच वाईट. म्हणजे चटणीच वाईट. स्वराली आता तिथंच राहायचं म्हणत होती, तिथल्या पतसंस्थेत नोकरी बघत होती. नात सणावारी दिसणार, पाहुण्यासारखी.

मालन दोन दिवस कांडपावर जात राहिली. तिसऱ्या दिवशी ती कांडपावर गेलीच नाही. न्हाऊन, पेटीतलं कोरं लुगडं नेसून, ज्याला चटणीचा वाराही लागला नव्हता, ती निपाणीच्या गाडीत बसली. तिला दाखवून द्यायचं होतं. अंगावर मिरचीचा कण नसताना ती नातीला मांडीवर घेणार, सगळ्यांसमोर टिकली बघायला लावणार, आणि मग कुणी म्हणावं चटणीला नाव ठेवून.

विहीण प्रेमलाबाई साधी बाई. दारात विहिणीला बघून तिची धांदल उडाली. नभा आत झोपली होती. मालननं अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, स्वराली बघत असताना. मग म्हणाली, पोरगी उठेपर्यंत मी शिकरण करते. माझ्या हातचं आवडतं तिला.

चमच्यानं कुस्करलेल्या शिकरणाला ती दवाखान्याचं जेवण म्हणायची. केळी सोलली, हातानं कुस्करली, दूध, साखर, वेलदोडा. वाट्या भरल्या. प्रेमलाबाईंनी विहिणीचा मान म्हणून पहिला घास घेतला. गिळला. थोडं हसल्या. मग त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला, डोळे भरले.

"वेलदोडा जरा जास्त पडला काय की," त्या म्हणाल्या आणि तांब्या शोधू लागल्या.

स्वरालीनं बोटावर थोडं घेऊन चाखलं. वाटी खाली ठेवली. तिनं सासूच्या चेहऱ्याकडं बघितलं नाही, हातांकडं बघितलं.

मालननं स्वतःच्या वाटीतला घास घेतला. गोड होतं. केळ्याचं, साखरेचं, तिला तर छान गोड लागलं. तिनं पुन्हा एक घास घेतला, जिभेवर घोळवला. गोडच. समोर विहीण पदरानं नाक पुसत होती आणि वरून म्हणत होती, छान झालंय हो, छान झालंय.

तेवढ्यात नभा उठून आली. डोळे चोळत, केस विस्कटलेले. आजीला बघून धावली आणि वाटीकडं हात नेला.

मालननं कोपरानं वाटी उडवली. दूध फरशीभर झालं. नभा भेदरून रडायला लागली. तिला उचलायला मालन वाकली, हात पुढे गेले, आणि मध्येच थांबले. ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, जसे ओले असावेत.

तुझा हात चावतो, असं म्हणाली होती पोर. कुणी शिकवलं नव्हतं तिला.

मालन जेवायला थांबली नाही. गाडीनं परत आली ती थेट दवाखान्यात. दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता. तिनं नदाफ बाईंना रोजच्या दृष्टीचं सांगितलं, समोर दोन्ही तळवे ठेवले आणि म्हणाली, यात काय हाय ते सांगा, मला काही लागत न्हाई.

बाईंनी ते स्वतःच्या अंगावरच बघायचं ठरवलं. एका हाताच्या आतल्या बाजूला त्यांनी स्वतः कळीचं मलम लावून घेतलं, दुसऱ्या हाताला मालनकडून चोळून घेतलं. चहा आला. चहा संपायच्या आत बाई दुसरा हात झटकू लागल्या. खोलीतला दिवा मालवून त्यांनी निळा दिवा धरला. एक हात तसाच काळोखात राहिला. दुसऱ्यावर मालनची चारही बोटं निळी उमटली होती, भिंतीवर कुंकवाचे हात उमटवतात तशी.

मग बाईंनी सांगितलं. मिरचीचा जाळ तेलात विरघळतो, पाण्यात नाही. साबणानं वरवरचा जातो, भेगांत मुरलेला तसाच राहतो. आणि हंगामात तो रोज वाढत जातो. नव्या माणसाला तो भाजतो, कारण कातडीतल्या नसा आगीची बातमी मेंदूला देतात. वर्षानुवर्षं तीच बातमी देऊन देऊन तुमच्या हातातल्या नसा थकल्या आणि गप्प बसल्या. हात निवला नाही, मालनबाई, मुका झाला. नभाच्या अंगावर मलम लावलेलं असताना तुमचा हात फिरला, की तिची कातडी पेटायची. मलम शहाणं आहे, त्याला आग दिसली, सगळ्या कळ्या उमलल्या. वर चोळल्यानं औषध आणखी आत गेलं. इसब वाढलं, तशी तुम्ही दृष्ट जास्त काढली.

मालननं आपला तळवा त्या निळ्या बोटांशेजारी धरून बघितला.

"म्हणजे नजर माझीच लागली म्हणा," ती म्हणाली.

नजर नाही, माया लागली, असं बाई म्हणाल्या. मालनला ते गोड बोलणं आवडलं नाही. तिनं विचारलं, धुवायचं कसं ते सांगा. मग स्वतःच म्हणाली, मला ठाऊक हाय, मीच शिकवते सगळ्यांना.

त्या दिवसापासून तिनं तेल, बेसन, साबण सुरू केलं, आणि चटणीत हात घालायला लांब हातमोजे आणले. कांडपावरच्या पोरी तोंड लपवून हसल्या. धुवून झालं की बोट परवीनच्या ओठाला लावून विचारायची, लागतंय का? परवीनला ओठ भाजून घ्यायची नोकरी नव्हती, पण ती हो म्हणाली, आणि बरेच दिवस "लागतंय अक्का" असंच उत्तर देत राहिली. भेगांतलं तिखट हट्टी असतं. एके दिवशी तिनं मान हलवली. काही लागत नाही म्हणाली. मालननं तरी तिला पुन्हा चाखायला लावलं.

त्यानंतरच्या दवाखान्याच्या वारी स्वराली नभाला घेऊन निपाणीहून आली. हर्षल त्यांना आणायला गेला होता. वाटेत तो तिच्याशी काय बोलला ते कुणाला कळलं नाही, पण नभाची औषधाची पिशवी त्याच्या खांद्यावर होती आणि तो ती कुणाला देत नव्हता. बाक तसेच भरलेले. वार तोच, म्हणून माणसंही बरीचशी तीच.

नदाफ बाईंनी टिकलीची रेघ पडद्यावर दाखवली. रेघ आडवी, गुमान. कातडी सावरतेय म्हणाल्या. आता मलम हळूहळू कमी करू, आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. ओलाव्याचं मात्र रोज, इसब दिसत नसलं तरी. स्वरालीनं सगळं नीट ऐकून घेतलं. ती बाहेर आली, तर मालन बाकांच्या मधोमध उभी होती.

नभा आजीकडं धावली. मालननं हात पाठीमागं बांधले, खाली वाकली आणि नातीच्या दंडाला आपला गाल लावला. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. गालाला सुरकुत्या होत्या, तिखट नव्हतं. नभा हसायला लागली, अजून म्हणाली.

स्वराली हळूच म्हणाली, "आत्ती, घरी चला, तिथं बोलू."

"घरी कशाला?" मालन ताठ झाली. बाकावरचा एक म्हातारा कानाला हात लावून पुढं सरकला, तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. "चार माणसांत तुला बोलले होते, चार माणसांतच ऐक. साल तू काढली न्हाईस, मी काढली. पेरावर मोजून लावतीस त्याला मी सोनारकी म्हणायचे. बरोबर हाय तुझं, तसंच मोज. दृष्ट मी काढीन, मिरच्या तुझ्या हातात राहतील. आन् माझा निकाल ऐकायचा तर हा ऐक. घरात तिखट म्हणून मी एकटी पुरे, मलम तूच लावायचं. मी न धुता हात पुढं केला, तर हातावर मार. लाजू नको, जोरात मार. हळू मारलेलं मला कळायचं न्हाई."